सावतोबांच्या जिल्ह्यातला शेतकरी बाजार
सोलापुरात मंगळवारापासून रविवारापर्यंत वारांच्या नावाच्या पेठा आहेत. जुन्या काळी पेठ वसवायची म्हणजे आठवडे बाजार भरवायचा. शेटे-महाजन जागा नेमून देत, बाजाराचा कर गोळा करत आणि मापात खोट दिसली तर जाब विचारत. आसपासच्या खेड्यांतून ज्वारी, हुलगा, भाजी घेऊन येणारा माणूस ती पिकवणाराच असे. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी उभी राहिली. गिरणीवर पोट असलेलं एवढं मोठं गाव रोजची भाजी विकत घेऊ लागलं, तेव्हा मळा आणि चूल यांच्यामध्ये व्यापारी आला.

हा मधला व्यवहार शेतकऱ्याला चांगलाच महागात पडे. आडत्या, म्हणजे कमिशनवर माल विकून देणारा दलाल, आणि खरेदीदार रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवत आणि ज्याचा माल त्यालाच तो कळत नसे. वर कडता (वजनातली घट), तोलाई (तोलण्याची मजुरी), हमाली कापली जाई. हे थांबवण्यासाठी मुंबई इलाख्यात १९३९ चा आणि पुढे महाराष्ट्रात १९६३ चा बाजार समित्यांचा कायदा आला. उघड लिलाव, प्रमाणित वजन, लेखी पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, या गोष्टी त्यातून मिळाल्या. बाजार समितीला सरसकट नावं ठेवणाऱ्यांनी हा भाग विसरू नये.

पण कापाकापी संपली नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीच्या यार्डात ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. वाहतूक, हमाली, तोलाई मिळून ५०९ रुपये ५१ पैसे वजा झाले आणि पट्टीवर उरले २ रुपये ४९ पैसे. ती पट्टी राज्यभर गाजली.

इतर राज्यांनी शेतकऱ्याने थेट गिऱ्हाइकाला माल विकायची वेगळी वाट आधीच धरली होती. पंजाबात १९८७ मध्ये ‘अपनी मंडी’ सुरू झाली, तर १९९९ मध्ये आंध्रात रयतू बाजार आणि तमिळनाडूत उळवर संदै. महाराष्ट्राने २०१६ मध्ये फळं-भाजीपाला समित्यांच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरवलं. त्याच वर्षी राज्याच्या पणन (शेतमाल विक्री) मंडळामार्फत शेतकरी आठवडे बाजारांचं अभियान निघालं. त्याला नाव दिलं संत शिरोमणी सावता माळी यांचं. सावतोबा माढा तालुक्यातल्या अरणचे, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातले. पंढरी एवढी जवळ असूनही ज्यांनी विठ्ठल आपल्या मळ्यातल्या भाजीत पाहिला, त्यांचंच नाव या बाजाराला शोभतं. २०२० च्या टाळेबंदीत मंडया बंद पडल्या, तेव्हा शेतकऱ्यांचे गट थेट वसाहतींच्या फाटकाशी भाजी घेऊन आले आणि अनेक घरांना ही सवय लागली.

खरं तर शेतकऱ्याने आपला माल स्वतः किरकोळ विकायला जुन्या कायद्याचीही आडकाठी नव्हती. अडचण होती ती बसायच्या जागेची आणि वेळेची. पहाटे तोडणी करून दिवसभर तराजू धरायचा, तर शेतातलं पाणी कोण धरणार? म्हणून घराजवळची ठरलेली जागा, ठरलेला वार आणि गटातल्या एकाने चौघांचा माल विकणं, याला मोल आहे.

गिऱ्हाइकाने एवढं पाहावं. पिकवणाऱ्याकडे सहसा दोन-तीनच जिनसा असतात: ओल्या पोत्याखाली मेथीच्या पेंड्या, मुळांना चिकटलेली काळी माती, शेजारी पाटीभर दोडका, थोडी अंबाडी. एकाच गाळ्यावर ढोबळी मिरचीपासून सफरचंदापर्यंत सगळं मांडलेलं दिसलं, तर तो माल बहुधा यार्डातूनच आलेला असतो. अशांना आयोजकांनी बसू देता कामा नये. नाहीतर पुन्हा मधला माणूसच येऊन बसतो, फक्त फलक बदलतो.

पालेभाजीला, हुरड्याला, डाळिंबाला हा बाजार चांगला मानवतो. कांद्याला मात्र पुरा पडत नाही. घरटी दोन किलो घेणाऱ्या गल्लीत चाळीस पिशव्या कांदा एका सकाळीत खपत नाही, म्हणून पूर्ण टेम्पो भरून निघालेल्या शेतकऱ्याला अजूनही हैदराबाद रस्त्यावरचं यार्डच गाठावं लागतं.