लेक्चरचं टाइमटेबल लावणारं सॉफ्टवेअर परीक्षेचं का लावत नाही?

जूनमध्ये तासिकांचं वेळापत्रक संगणकावर झटपट लागलं की ऑक्टोबरात स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "मग परीक्षेचंही त्यातच टाका ना, सर!" रत्नागिरी, कणकवली, चिपळूण, कॉलेज कुठलंही असो. विषय तेच, मुलं तीच, वर्गखोल्याही त्याच, त्यामुळे काम एकच वाटतं. प्रत्यक्षात संगणकाकडून जे साधून घ्यायचं, ते दोन्हीकडे जवळजवळ उलटं असतं.

तासिका एकमेकींना लागून हव्या असतात. आपल्याकडे त्यात एसटीचाही वाटा असतो. सकाळच्या गाडीने आलेल्या मुलीला साडेआठला एक लेक्चर आणि पुढचं थेट साडेबाराला दिलं, तर थोड्याच दिवसांत ती दुपारच्या लेक्चरला दिसेनाशी होते. परीक्षेत मात्र त्याच मुलीचे दोन पेपर लागून आले की ती परीक्षा विभागाच्या दारात उभी राहते, आणि तिचं बरोबरच असतं. तिथे दोन पेपरांमध्ये मोकळा वेळ सुटायला हवा.

वेळापत्रक किती चांगलं, हे मोजण्याच्या रीतीतही हा फरक दिसतो. संगणकाने वेळापत्रक लावण्याच्या २००७च्या आंतरराष्ट्रीय टाइमटेबलिंग स्पर्धेत परीक्षेचा एक विभाग होता आणि तासिकांचे दोन. त्यातल्या अभ्यासक्रमावर आधारलेल्या तासिकांच्या विभागात एखादं लेक्चर बाकीच्यांपासून तुटून एकटं पडलं की दंड बसायचा. परीक्षेच्या विभागात विद्यार्थ्याचे पेपर लागोपाठ आले की दंड, एकाच दिवशी आले तरी दंड. शिवाय जास्त विद्यार्थ्यांचे पेपर शेवटाकडे ढकलले तरी दंड, कारण ते तपासायला वेळ लागतो. (हा नियम सुचवणाऱ्याने कधीतरी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी नेले असणार.) गंमत म्हणजे हे दोन्ही विभाग टोमाश म्युलर या एकाच संशोधकाने जिंकले. म्हणजे आतलं यंत्र एक असू शकतं, त्याला घालून द्यायचे नियम वेगळे लागतात.

कार्टर, लापोर्ट आणि ली या संशोधकांनी १९९६मध्ये वापरलेलं मोजमाप तर हाताने करून बघण्याइतकं सोपं आहे. एका विद्यार्थ्याचे दोन पेपर लगतच्या सत्रांत (सत्र म्हणजे पेपरची एक वेळ, सेमिस्टर नव्हे) आले तर १६ गुण दंड, एक सत्र सोडून आले तर ८, मग ४, २, १. सगळ्यांची बेरीज करायची, विद्यार्थिसंख्येने भागायचं. आकडा जितका लहान, तितकं वेळापत्रक चांगलं.

पण खरी मेख एटीकेटीत आहे, म्हणजे नापास विषय मागे ठेवून पुढच्या वर्षात गेलेल्या मुलांत. परीक्षेचं गणित असं मांडतात: प्रत्येक पेपर म्हणजे एक ठिपका, आणि दोन पेपरांना एक जरी समाईक विद्यार्थी असला तरी त्या ठिपक्यांमध्ये रेघ. रेघेने जोडलेले पेपर एका सत्रात ठेवायचे नाहीत. वेल्श आणि पॉवेल यांनी १९६७मध्ये यासाठी साधी युक्ती सांगितली: ज्या ठिपक्याला जास्त रेघा, त्याला आधी जागा द्या.

समजा, द्वितीय वर्षाची मुलं अर्थशास्त्र, राज्यशास्त्र आणि मराठी हे तीनही पेपर देतात. प्रथम वर्षाची अर्थशास्त्र आणि इतिहास देतात. दोन्ही वर्षांत समाईक कुणी नाही, म्हणून तीन सत्रांत सगळं बसतं. आता द्वितीय वर्षातल्या एकाच मुलाची प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्रात केटी राहिलेली आहे. त्या पेपरपासून द्वितीय वर्षाच्या तिन्ही पेपरांकडे रेघा गेल्या आणि चौथं सत्र काढावं लागलं. एका मुलाच्या एका विषयापायी! तासिकांच्या वेळापत्रकात या रेघा सहसा नसतातच, कारण केटीचा मुलगा खालच्या वर्गाच्या लेक्चरला पुन्हा बसत नाही. म्हणूनच तासिकांचा जुना डेटा परीक्षेला जसाच्या तसा वापरला की वेळापत्रक दिसतं छान आणि हॉल तिकिटावर एकाच वेळी दोन पेपर छापून येतात. मेजर-मायनरच्या, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयांच्या, नव्या रचनेत तर विषयांच्या जोड्या इतक्या वाढल्या आहेत की कागदावर या रेघा ओढणं मला तरी वेडेपणाच वाटतो.

खोल्यांचा फरक त्या मानाने किरकोळ. एका वर्गात एका वेळी एकच लेक्चर होतं, पण परीक्षेत एका हॉलमध्ये एकाआड एक बाकावर दोन विषय बसवता येतात आणि मोठा पेपर तीन खोल्यांत विभागताही येतो. अर्थशास्त्राच्या तासाला अर्थशास्त्राच्याच मॅडम लागतात. पर्यवेक्षक कुणीही चालतो.

पावसाचं मात्र वेगळं. जगबुडी किंवा वाशिष्ठीला पूर येऊन सुट्टी जाहीर झाली, तर बुडालेलं लेक्चर शनिवारी जादा घेऊन भरून काढता येतं. पुढे ढकललेल्या पेपरला अशी कुठलीही मोकळी वेळ चालत नाही. त्याच्या सगळ्या रेघा पुन्हा तपासाव्या लागतात, नाहीतर नव्या तारखेला दुसऱ्या कुणाची तरी केटी आडवी येते. पावसाळ्यात परीक्षा असेल तर शेवटी एक-दोन राखीव सत्रं आधीच धरून ठेवणं शहाणपणाचं. गणेशोत्सवाचे दिवस तर आधीच वगळलेले असतात, ते संगणकालाही सांगावे लागतात.

तेव्हा विक्रेता "आमच्यात दोन्ही होतं" म्हणाला तर त्याला एवढंच विचारा: परीक्षेसाठी डेटा कुठून घेणार? तासिकांना शिक्षकांचा वर्कलोड आणि वर्गांची यादी पुरते, ती जूनमध्ये हातात असते. परीक्षेला लागतात मुलांनी भरलेले परीक्षा अर्ज, केटीच्या अर्जांसकट. त्यामुळे कच्चं वेळापत्रक आधी लावलं, तरी विलंब शुल्काची मुदत संपल्यावर ते एकदा पुन्हा चालवून बघावंच लागतं.