प्रकृतीतील बदल वेळीच लक्षात यावेत यासाठी: घरगुती तपासणी उपकरणे घेणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

रक्तदाबमापक, वजनकाटा किंवा ऑक्सिमीटर घेताना बहुतेक ग्राहक ‘नॉर्मल आकडा किती?’ असे विचारतात. प्रश्न योग्यच आहे. मात्र आमच्या मते त्याआधी स्वतःचा नेहमीचा आकडा ठाऊक असणे अधिक महत्त्वाचे आहे. विश्रांतीच्या वेळी प्रौढ व्यक्तीची नाडी साधारणपणे मिनिटाला ६० ते १०० पडते. परंतु जिची नाडी वर्षानुवर्षे ६२ च्या आसपास राहिली आहे, अशा व्यक्तीची नाडी आठवडाभर बसल्या जागी ९० पडू लागली, तर आकडा मर्यादेत असूनही शरीरात काहीतरी बदललेले असते, आणि त्यामागे रक्तक्षय, थायरॉइडचा विकार किंवा एखादा संसर्ग असू शकतो. म्हणून तब्येत ठणठणीत असतानाच काही दिवसांच्या नोंदी तारीख-वेळेसह वहीत लिहून ठेवाव्यात.

नोंद विश्वासार्ह हवी असेल, तर मोजण्याची पद्धत दर वेळी सारखीच ठेवावी. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी व तंबाखू टाळावी, लघवीला जाऊन यावे आणि पाठ टेकून, पावले जमिनीवर ठेवून पाच मिनिटे शांत बसावे. पट्टा उघड्या दंडावर बांधून हात हृदयाच्या पातळीवर टेकवावा, मोजताना बोलू नये आणि एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजावे. घरी घेतलेल्या नोंदींची सरासरी १३५/८५ किंवा त्याहून अधिक येत राहिल्यास डॉक्टरांना दाखवावे. एखाद्याच चढ्या आकड्याने घाबरून जाऊन गोळ्यांचे प्रमाण स्वतःच्या मनाने बदलू नये. ऑक्सिमीटर लावताना बोटे गार असतील किंवा नखांना रंग लावलेला असेल, तर आकडा फसवा येऊ शकतो.

घरातील सर्वांत दुर्लक्षित उपकरण म्हणजे वजनकाटा, आणि खरे तर तोच पुष्कळ काही सांगतो. खाण्यापिण्यात किंवा व्यायामात बदल केलेला नसताना सहा ते बारा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून अधिक, म्हणजे ६० किलोच्या व्यक्तीचे तीन किलोहून अधिक घटले, तर ‘बारीक झालो’ म्हणून समाधान न मानता तपासणी करून घ्यावी. त्याच्या जोडीला सतत तहान आणि वारंवार लघवी होत असेल, तर रक्तातील साखर लगेच तपासावी. याउलट हृदयविकाराच्या रुग्णाचे वजन दोन-तीन दिवसांतच दोन किलोंनी वाढले, तर ते चरबीमुळे नसून बहुधा अंगात पाणी साठल्यामुळे असते. अशा वेळी नडगीवर अंगठा काही सेकंद दाबून धरावा. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला, चप्पल घट्ट होऊ लागली किंवा आडवे झाल्यावर धाप लागत असल्याने झोपताना उशांची संख्या वाढवावी लागली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे.

काही बदल कोणत्याही यंत्रात दिसत नाहीत. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, तेवढ्या काळात न भरलेला तोंडातील व्रण, स्तनात नव्याने लागलेली गाठ, आकार वा रंग बदलणारा तीळ, शौचावाटे पडणारे रक्त यांपैकी काहीही दुखत नसले, तरी दाखवून घ्यावे. वृद्धांच्या बाबतीत विशेष काळजी घ्यावी, कारण त्यांना गंभीर संसर्गातही पुष्कळदा ताप येत नाही. जेवण कमी होणे, दिवसा गुंगीत पडून राहणे किंवा अचानक असंबद्ध बोलणे हेच पहिले चिन्ह असू शकते, आणि ते रोज सोबत राहणाऱ्या माणसालाच प्रथम जाणवते.

पुढील प्रसंगी मात्र आमचे कोणतेही उपकरण शोधत बसू नये, ही कळकळीची विनंती. चेहरा एका बाजूला वाकडा होणे, एका हातातील किंवा पायातील बळ जाणे, बोलणे अडखळणे ही पक्षाघाताची लक्षणे आहेत. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांतच देता येते, त्यामुळे लक्षणे कधी सुरू झाली ती वेळ लक्षात ठेवून रुग्णाला तत्काळ रुग्णालयात न्यावे; ती काही मिनिटांत आपोआप ओसरली तरीही न्यावे. छातीत दाब येऊन घाम फुटणे, वेदना हातात किंवा जबड्यात जाणे यालाही हेच लागू आहे. स्त्रिया, वृद्ध व मधुमेही यांना छातीत न दुखता नुसती धाप लागूनही हृदयविकाराचा झटका येऊ शकतो.

डॉक्टरांकडे जाताना नोंदवही आणि चालू औषधांची यादी सोबत न्यावी; शक्य असल्यास रक्तदाबमापकही न्यावे, म्हणजे त्याचा आकडा दवाखान्यातील यंत्राशी ताडून पाहता येईल. फरक मोठा आढळल्यास उपकरण आमच्याकडे आणावे, आम्ही ते तपासून देऊ.