छोट्या एसपीईची पार्श्वभूमी: सगळं काढायचं का थोडंच?

आपल्या वाळूज-चिकलठाण्याकडं औषध कारखान्यांत क्यूसीत, म्हणजे क्वालिटी तपासणीत, काम करणाऱ्या बऱ्याच पोरांचा एसपीईशी (सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन, म्हणजे सॅम्पलमधला पदार्थ घन सॉर्बंटवर धरून वेगळा काढणं) संबंधच येत नाही, गोळीचं सॅम्पल डायल्यूट केलं, ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळलं की झालं मशीनमध्ये इंजेक्शन. प्लाझ्मातलं औषध नायतर मोसंबीतलं कीटकनाशक बघायची वेळ आली की मग कार्ट्रिज, म्हणजे सॉर्बंट भरलेली एसपीईची नळी, आठवतं.

तयार कार्ट्रिज १९७८ पासून बाजारात आहेत. त्याचं कंडिशनिंग-वॉशिंग (आधी सॉर्बंट भिजवणं, मग धुणं) वापरणाऱ्यांना पाठ आहे, ते सोडून देऊ. त्रास होता तो धरलेला पदार्थ सोडवायला लागणाऱ्या सॉल्व्हंटचा, आणि नंतर नायट्रोजनखाली सुकवत बसायचा.

१९९० ला कोटिंगवाला फायबर, म्हणजे पदार्थ शोषणारा पातळ थर दिलेला बारीक धागा, आला आणि खरं भांडण तिथंच लागलं. कार्ट्रिजवाल्यांना रिकव्हरी, म्हणजे सॅम्पलमधला किती पदार्थ हाती आला ते, शंभर टक्क्यांच्या जवळ लागते, आणि या फायबरवरचा थर एक मायक्रोलिटरसुद्धा नाही, त्यात बऱ्याचदा पाच टक्केही पदार्थ येत नाही, मग याला एक्स्ट्रॅक्शन म्हणायचं तरी कसं? फायबरवाल्यांचं म्हणणं, सगळं काढायचंच कशाला, समतोल झाला की जितकं थरात आलं ते मूळ कॉन्सन्ट्रेशनच्या प्रमाणातच असतं, फक्त वेळ, तापमान, ढवळणं तेच ठेवा. मला हे पटतं. पण प्लाझ्मात प्रोटीनला चिकटलेलं औषध थरात येत नाही, मोकळं तेवढंच येतं. एकूण औषध पाहिजे असणारा यावर वैतागतो आणि मोकळंच मोजायचं असणाऱ्याला तेच फावतं!

एलसीवाल्यांचं (लिक्विड क्रोमॅटोग्राफी, द्रवाच्या प्रवाहात पदार्थ वेगळे करून मोजणारे) दुखणं वेगळंच. जीसीत (गॅस क्रोमॅटोग्राफीत) गरम इंजेक्टरमध्ये फायबर घातला की काम होतं, एलसीत सॉल्व्हंटनं सोडवावं लागतं आणि काही कोटिंग त्यात फुगतात. १९९५ ला त्यासाठी फायबर एलसीला जोडणारा इंटरफेस निघाला, १९९७ ला थर कॅपिलरीच्या (केसासारख्या बारीक नळीच्या) आतच नेला, आपोआप इंजेक्ट करणारा ऑटोसँपलरच सॅम्पल आत-बाहेर ओढायला लागला. गढूळ सॅम्पलनं कॅपिलरी चोंदते ते वेगळं.

२००३ ची क्वेचर्स ही फळं-भाज्यांतली कीटकनाशकं बघायची पद्धत उलट्या डोक्याची, तिथं पीएसए नावाची सॉर्बंट पावडर कीटकनाशक नाही तर साखर, फॅटी ॲसिड असला कचरा धरते.

२००४ पासूनची एमईपीएस, म्हणजे सिरिंजमध्ये बसवलेली छोटी एसपीई, मात्र मला एलसीसाठी सगळ्यात सरळ वाटते: १०० किंवा २५० मायक्रोलिटरच्या सिरिंजमध्ये एक-दोन मिलिग्रॅम सॉर्बंट, प्लाझ्मा पातळ करून प्लंजरनं हळूहळू वर-खाली, मग पाण्यानं धुवायचं आणि थोड्याशा मेथनॉलमध्ये सोडवून थेट इंजेक्ट. किती वेळा ओढायचं यावर रिकव्हरी हलते, म्हणजे जुनं भांडण परत हजर. त्यात तेच सॉर्बंट पुन्हा पुन्हा वापरतात, त्यामुळं कॅरीओव्हरची, म्हणजे आधीचं औषध पुढच्या सॅम्पलमध्ये येण्याची, भीती, म्हणून सगळ्यात वरच्या कॉन्सन्ट्रेशनच्या स्टँडर्डनंतर ब्लँक (औषध नसलेलं सॅम्पल) लावायचा आणि त्यात पीक दिसला तर धुणं वाढवायचं.