टेलिमार्क आणि स्की-टुरिंग: फरक मोकळ्या टाचेचा

टेलिमार्क आणि स्की-टुरिंग हे स्कीइंगचे दोन प्रकार. बर्फाच्या चढावर ते करणारे दोघेही सारखेच दिसतात. बुटाचं पुढचं टोक स्कीला जोडलेलं, टाच मोकळी. म्हणूनच शाळेतली गणित-शिक्षकाची नोकरी संपवून स्कीइंग शिकवायचं मनावर घेतलेल्या माणसाची या दोन प्रकारांत हमखास गल्लत होते.

फरक कळतो माथ्यावर. टुरिंगवाला स्कीखालच्या, चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या काढतो, टाच खटकन अडकवतो आणि नेहमीच्या अल्पाइन पद्धतीने उतरतो. टेलिमार्कवाल्याची टाच उतारावरही मोकळीच. वळणात बाहेरची स्की पुढे जाते, आतली मागे राहते, मागचा गुडघा वाकतो. 19व्या शतकात नॉर्वेच्या टेलेमार्क भागातल्या सोन्द्रे नोर्हाइमने हे वळण गाजवलं. पुढे ते मागे पडलं आणि 1970च्या दशकात अमेरिकेतल्या कोलोरॅडोत पुन्हा रुजलं.

शिकवायची खरी गंमत मागच्या पायात आहे. नवखा माणूस सगळा भार पुढच्या पायावर टाकतो. गुडघा छान वाकलेला दिसतो, पण मागची स्की हलकी होऊन भरकटते. भार मागच्या चवड्यावरही हवा. उत्तर बरोबर आलं तरी रीत चुकलीय हे वहीत एका नजरेत हेरणाऱ्या गणिताच्या शिक्षकाला ही चूक लवकर दिसेल, असं मला मनापासून वाटतं. आधी सपाटीवर उभ्या-उभ्या पाय मागे घेऊन चवडा दाबायला लावावा, मग सौम्य उतारावर आडवं जाताना पाय बदलायला सांगावं. गुडघा स्कीला टेकलाच पाहिजे असं मुळीच नाही; पन्नाशी उलटलेल्यांनी तर थोडं उंचच राहावं.

अमेरिकेत पीएसआयए-एएएसआय ही प्रशिक्षकांची संघटना टेलिमार्कचं वेगळं प्रमाणपत्र देते, तीन पातळ्यांचं. टुरिंगमध्ये लोकांना रिसॉर्टबाहेरच्या डोंगरात न्यायचं तर काम वाटाड्याचं होतं: हिमस्खलनाचा अंदाज, वाट निवडणं, अडकलेल्यांची सुटका. त्याचं प्रशिक्षण निराळं आणि लांबलचक. ज्याला शिकवण्याचीच ओढ आहे, त्याने टेलिमार्क धरावं.

खरेदीला गेलात तर बूट हातात घेऊन बोटांपाशी वाकवून बघा. टेलिमार्कच्या बुटाला तिथे घड्या असतात आणि तो वाकतो. टुरिंगच्या बुटाचा तळवा ताठ असतो.