ठिबक सिंचन अनुदान (महाराष्ट्र)

पिकाच्या मुळाशी थेंबाथेंबाने पाणी देणारा संच बसवण्यासाठी केंद्र आणि राज्य शासन मिळून शेतकऱ्याला जे अर्थसाहाय्य देतात, ते ठिबक अनुदान. महाराष्ट्राने ते 1986 च्या सुमारास स्वतःच्या तिजोरीतून द्यायला सुरुवात केली. केंद्राची स्वतंत्र सूक्ष्म सिंचन योजना 2006 मध्ये आली, 2010 मध्ये तिचे राष्ट्रीय अभियान झाले आणि 2015 पासून ती प्रधानमंत्री कृषी सिंचन योजनेत ‘प्रति थेंब अधिक पीक’ या नावाने गेली.

केंद्राच्या निकषांप्रमाणे अल्प व अत्यल्प भूधारकाला, म्हणजे दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्याला, ठरवून दिलेल्या खर्चमर्यादेच्या 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान मिळते. यात केंद्र व राज्याचा वाटा 60:40 असतो. राज्याच्या मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून त्यावर अनुक्रमे 25 आणि 30 टक्क्यांची भर पडते, म्हणून एकूण आकडा 80 आणि 75 टक्क्यांवर जातो. कमाल मर्यादा पाच हेक्टर. त्याच क्षेत्रावर पुन्हा लाभ घ्यायचा तर सात वर्षे थांबावे लागते. टक्केवारी बिलावर नव्हे, खर्चमर्यादेवर मोजली जाते आणि ही मर्यादा लॅटरलमधल्या, म्हणजे पिकाच्या ओळीने टाकलेल्या ठिबक नळ्यांमधल्या, अंतरावरून ठरते. जवळच्या ओळींच्या पिकाला नळी जास्त लागते म्हणून ती मोठी, आंब्यासारख्या विरळ बागेला लहान. बाजारभाव तिच्या पुढे गेला की वरचा फरक शेतकऱ्याच्या खिशातून जातो. म्हणजे कागदावरचे 80 टक्के शेतात 80 राहतीलच असे नाही.

अर्ज राज्य शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर ऑनलाइन होतो. अनेक वर्षे लाभार्थी संगणकीय सोडतीने निवडले जात. 2025 पासून ‘प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य’ हे तत्त्व आले आणि शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. निवड झाली की पूर्वसंमती मिळते. मग शेतकरी नोंदणीकृत विक्रेत्याकडून संच घेऊन बसवतो आणि बिल अपलोड करतो. त्यानंतर होते मोका तपासणी. सहायक कृषी अधिकारी (2025 पर्यंतचा कृषी सहायक) शिवारात येऊन लॅटरलमधले अंतर मोजतो, फिल्टर आणि नळीवरचा आयएसआय शिक्का पाहतो, बिलातली नळीची लांबी जमिनीवर आहे का ते ताडतो आणि शेतकऱ्याला संचाशेजारी उभे करून अक्षांश-रेखांशासह फोटो काढतो. पैसे त्यानंतर थेट बँक खात्यात येतात.

या ‘त्यानंतर’मध्येच योजनेची खरी गोम आहे. आधी पूर्ण रक्कम भरायची, परतावा मागाहून. गुजरातने 2005 मध्ये गुजरात ग्रीन रिव्होल्यूशन कंपनी स्थापन करून अनुदान पुरवठादार कंपनीकडे वळवले, त्यामुळे तिथला शेतकरी फक्त आपला हिस्सा भरतो. महाराष्ट्राने खात्यात पैसे देण्याची वाट धरली. बोगस लाभार्थी आणि फुगवलेली बिले यांना त्याने काही प्रमाणात आळा बसला, हे मान्य करावे लागेल. पण निधी रखडला की भार लाभार्थ्यावर पडतो. ज्याच्याकडे लाखभर रुपये अडकवण्याची ऐपत आहे त्याला अडचण नाही. एकरभरवाल्याला विक्रेत्याची उधारी किंवा हातउसने काढावे लागते. टक्केवारी त्याला जास्त आहे, पण भांडवल नाही.

संच टिकवण्याकडे तर अनुदानाचे फारसे लक्षच नाही. क्षारयुक्त पाण्याने ड्रीपरची छिद्रे बुजतात, त्यासाठी आम्लप्रक्रिया करावी लागते. उंदीर-खारी नळ्या कुरतडतात, उसाचे पाचट पेटवले तर त्या वितळतात. त्यामुळे ‘बसवलेले’ क्षेत्र आणि ‘चालू’ क्षेत्र यांत तफावत राहते, आणि अहवालात भरले जाते ते पहिले.

सक्तीचाही एक प्रयोग झाला. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, 2005 मध्ये अधिसूचित क्षेत्रातील बारमाही पिकांना ठिबकाशिवाय कालव्याचे पाणी न देण्याची तरतूद आहे. जुलै 2017 मध्ये मंत्रिमंडळाने पहिल्या टप्प्यात काही प्रकल्पांखालील 3.05 लाख हेक्टर उसाला ठिबक बंधनकारक केले आणि शेतकऱ्याला 2 टक्के व्याजाने कर्ज देऊ केले. उरलेले व्याज राज्य शासन आणि साखर कारखाना यांनी सोसायचे होते. ही सक्ती शिवारात फारशी उतरली नाही. कालव्याचे पाणी ठरावीक पाळीने येते, ठिबकाला ते रोज थोडे थोडे लागते. मधल्या दिवसांसाठी विहीर किंवा शेततळे हाताशी नसेल तर संच नुसता पडून राहतो.

अनुदानाने पाणी वाचले का, या प्रश्नाला दोन उत्तरे आहेत. एकरी हिशेबात वाचले, यात शंका नाही. केळी, डाळिंब, द्राक्षे ही पिके कोरडवाहू पट्ट्यात उभी राहिली ती ठिबकामुळेच, आणि नळीतून विद्राव्य खत देता येऊ लागल्याने उत्पादनही वाढले. पण जळगाव जिल्ह्यातील रावेर आणि यावल हे तालुके पाहावेत. केळीला ठिबक करण्यात हा पट्टा देशात आघाडीवर आहे, आणि तरीही भूजल मूल्यांकनात तो अतिशोषित, म्हणजे जमिनीत मुरते त्याहून जास्त पाणी उपसणारा, ठरला आहे. वाचलेले पाणी जमिनीत राहत नाही, त्यावर पुढचे क्षेत्र भिजते. शेतकऱ्याच्या बाजूने हा हिशेब चोख आहे. विहिरीच्या पाण्याला किंमत नाही, आणि एप्रिल 2024 पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांचे वीजबिलही माफ आहे. मग पाणी तसेच ठेवून त्याला काय मिळणार? अनुदान हेक्टरी दिले जाते, उपशाच्या मर्यादेशी ते जोडलेले नाही.