चालण्याची शर्यत

ठरलेले अंतर न धावता, केवळ चालत, सर्वांत कमी वेळात पार करण्याच्या मैदानी क्रीडाप्रकारास चालण्याची शर्यत म्हणतात. शालेय स्पर्धांच्या कार्यक्रमपत्रिकेत तो नुसत्या ‘चालणे’ या नावाने येतो, तर खेळाडू व क्रीडाशिक्षक त्याला बहुधा ‘वॉकिंग’ किंवा ‘रेस वॉक’ म्हणतात. मराठवाड्याला चालणे नवीन नाही. आषाढीला पैठणहून एकनाथ महाराजांची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि शेगावहून निघालेली गजानन महाराजांची पालखी परभणी, परळी, अंबाजोगाई असा प्रवास करत पुढे सरकते. दिंडीत साधारण वीस किलोमीटरचा टप्पा म्हणजे जवळजवळ अख्ख्या दिवसाची वाटचाल असते. जगातला सर्वोत्तम चालणारा तेवढेच अंतर ७६ मिनिटांत संपवतो. धावणाऱ्यालाही हेवा वाटावा अशा या वेगात चालणे हे चालणेच राहिले आहे की नाही, हे कोणी आणि कसे ठरवायचे, या प्रश्नाभोवतीच या खेळाचा दीडशे वर्षांचा इतिहास फिरत आला आहे.

नियम आणि तंत्र

नियम दोनच आहेत. पहिला असा की चालताना जमिनीशी असलेला संपर्क डोळ्यांना दिसेल इतका तुटता कामा नये. पुढचा पाय टेकल्यावरच मागचा उचलला गेला पाहिजे. दुसरा असा की पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्या क्षणापासून शरीर त्या पायावर सरळ उभे येईपर्यंत गुडघ्यात वाकता कामा नये. गुडघा ताठ ठेवायचा म्हटल्यावर पावलाची लांबी कमरेतून मिळवावी लागते. म्हणून चालणाऱ्याचे कटिप्रदेश प्रत्येक पावलाला पुढेमागे व खालीवर फिरतात, हात कोपरात काटकोनात वाकून छातीपर्यंत झपाझप येतात, आणि मिनिटाला दोनशेच्या आसपास पावले पडतात. प्रथमच पाहणाऱ्याला ही चाल विचित्र वाटते आणि गावच्या मैदानावर मुले हसतातही. पण त्या लचकण्यातला प्रत्येक भाग वरच्या दोन नियमांतून जन्मला आहे, शोभेसाठी त्यात काहीही नाही.

पंच रस्त्याकडेला ठराविक अंतरावर उभे राहतात. आंतरराष्ट्रीय शर्यतीत त्यांची संख्या सहा ते नऊ असते आणि प्रत्येकाने दुसऱ्याशी सल्लामसलत न करता आपला निर्णय द्यायचा असतो. संपर्क तुटण्याची शंका आली, तर पंच नागमोडी रेघेची पिवळी पाटी दाखवतो. गुडघा वाकल्याची शंका असेल, तर पाटीवर कोनाची खूण असते. दोष स्पष्ट दिसला की लाल कार्ड भरून प्रमुख पंचाकडे जाते. पूर्वी तीन वेगवेगळ्या पंचांची लाल कार्डे जमली की स्पर्धक थेट बाद होई. आता मोठ्या स्पर्धांत तिसऱ्या कार्डानंतर त्याला मार्गालगतच्या दंडाच्या जागेत थांबवले जाते, २० किलोमीटरच्या शर्यतीत ही वेळ दोन मिनिटांची असते, आणि चौथे कार्ड आले की तो बाद होतो.

निर्णय केवळ उघड्या डोळ्यांनी द्यायचा असतो. चित्रफीत लावून तपासणी करण्याची मुभा नाही. वेगवान कॅमेऱ्यांनी मात्र केव्हाच दाखवून दिले आहे की अव्वल दर्जाचे सर्वच स्पर्धक प्रत्येक पावलाला सेकंदाच्या काही शतांश भागापुरते हवेत असतात. नियमात ‘डोळ्यांना दिसेल इतका’ हे शब्द १९९०च्या दशकाच्या मध्यात आले ते याच कारणाने, आणि गुडघा पहिल्या स्पर्शापासून सरळ असण्याची अटही त्याच वेळी आली. या दुरुस्तीला कोणी पळवाट म्हणतो. प्रस्तुत लेखकाला ती प्रामाणिक वाटते, कारण यंत्राला दिसते ते आणि माणसाला दिसते ते यांत फरक आहे हे तिने उघडपणे मान्य केले. बुटाच्या तळव्यात संवेदक बसवून संपर्क मोजण्याचे प्रयोगही झाले आहेत.

उगम

खेळाची मुळे इंग्लंडमधील पैजांच्या चालण्यात आहेत. सरदारांच्या घोडागाडीबरोबर चालणारे नोकर, त्यांच्यावर लागणाऱ्या पैजा आणि पुढे गर्दी खेचणारे व्यावसायिक चालणारे असा तो प्रवास झाला. कॅप्टन रॉबर्ट बार्कले याने १८०९ मध्ये न्यूमार्केट येथे १,००० तासांत १,००० मैल, म्हणजे दर तासाला एक मैल, चालून १,००० गिनींची पैज जिंकली. तेथे कसोटी झोपेची होती, वेगाची नव्हती. हौशी खेळाडूंच्या इंग्लंडमधील अजिंक्यपद स्पर्धेत १८६६ साली सात मैल चालण्याची शर्यत ठेवली गेली, आणि ‘आधी टाच, मग बोटे’ हा दंडक पैजेतून नियमात उतरला.

ऑलिंपिकमधील वाटचाल

लंडनच्या १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये ३,५०० मीटर आणि १० मैल या दोन्ही शर्यती जॉर्ज लार्नर या पोलिसाने जिंकल्या. इटलीच्या उगो फ्रिजेरिओने १९२० मध्ये दोन आणि १९२४ मध्ये एक सुवर्णपदक मिळवले. १९२४ च्या या पॅरिस ऑलिंपिकमध्ये पंचांच्या निर्णयांवरून वाद झाले आणि १९२८ च्या कार्यक्रमातून चालणे वगळले गेले. १९३२ मध्ये ते ५० किलोमीटरच्या रूपाने परतले.

खेळाचा खरा कस १९५२ मध्ये हेलसिंकीला लागला. दहा किलोमीटरची शर्यत ट्रॅकवर होती. स्वीडनच्या जॉन मिकाएल्सनने सुवर्ण निश्चित केल्यावर रौप्यासाठी स्वित्झर्लंडचा फ्रिट्झ श्वाब आणि सोव्हिएत संघाचा ब्रूनो युंक यांच्यात चुरस लागली, आणि शेवटच्या टप्प्यात पाठीमागून येणाऱ्या पंचाने आपल्याला गाठू नये म्हणून दोघेही चक्क धावत सुटले. आखूड अंतरात वेग हाताबाहेर जातो, हे त्या दिवशी सर्वांसमोर आले. पुढच्या, मेलबर्नच्या ऑलिंपिकपासून १० किलोमीटरच्या जागी रस्त्यावरची २० किलोमीटर शर्यत आली.

मेलबर्नच्या ५० किलोमीटर शर्यतीत ब्रिटनचा डॉन थॉम्पसन उष्म्याने कोसळला होता. पुढचे ऑलिंपिक रोमच्या उन्हाळ्यात होते. थॉम्पसनने घरातल्या न्हाणीघरात हीटर लावला, किटलीत पाणी उकळत ठेवले, दारे लावून घेतली, आणि अंगावर जाड कपडे चढवून त्या वाफेत सराव केला. १९६० मध्ये त्याने ही शर्यत ४ तास २५ मिनिटे ३० सेकंदांत जिंकली. वैशाखात पारा बेचाळिसावर गेलेला पाहणाऱ्या लातूर-नांदेडच्या खेळाडूला ती न्हाणी बांधण्याची गरज नाही. त्याला उलट पहाटे सूर्य वर येण्याआधी सराव उरकावा लागतो. त्याच रोममध्ये सोव्हिएत संघाच्या व्होलोदिमिर होलुबनिची याने २० किलोमीटरचे सुवर्ण मिळवले आणि १९७२ पर्यंत सलग चार ऑलिंपिकमध्ये एकूण चार पदके घेतली.

मेक्सिकोने १९६६ मध्ये येर्झी हाउसलेबर या पोलिश प्रशिक्षकाला बोलावले. उंचावरचा सराव आणि सैल कमरेची वेगवान चाल यांतून तेथे एक परंपराच उभी राहिली. होसे पेद्राझाचे १९६८ मधील रौप्य, दानिएल बाउतिस्ताचे १९७६ मधील सुवर्ण आणि १९८४ मध्ये २० व ५० किलोमीटरची दोन्ही सुवर्णे ही तिची फळे होत. ज्या देशात आधी या खेळाचे नाव नव्हते तेथे एका प्रशिक्षकाच्या चिकाटीने हे घडले, म्हणून हा भाग विशेष लक्षात घ्यावा असा आहे. पोलंडच्या रॉबर्ट कोझेन्योव्स्कीने १९९६ ते २००४ या काळात चार सुवर्णपदके जिंकली. त्यांपैकी दोन, २० आणि ५० किलोमीटरची, २००० साली सिडनीतच.

महिलांना ऑलिंपिकची दारे उशिरा, १९९२ मध्ये, १० किलोमीटरच्या शर्यतीने उघडली. २००० पासून त्यांचेही अंतर २० किलोमीटर झाले. सिडनीत यजमान देशाची जेन सॅव्हिल आघाडीवर होती आणि स्टेडियममध्ये शिरण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी तिला तिसरे लाल कार्ड दाखवले गेले. तोंडावर हात धरून रडणारी सॅव्हिल आणि आत तिची वाट पाहणारे लाखभर प्रेक्षक, हे दृश्य या खेळाच्या कठोरपणाचे सर्वांत परिचित चित्र आहे. चार वर्षांनी अथेन्सला तिने कांस्य मिळवले.

रशियातील सारान्स्कच्या प्रशिक्षण केंद्राने पुढच्या दशकात पदकांची रास लावली, पण ती उत्तेजकांवर उभी होती. लंडनच्या २०१२ च्या ५० किलोमीटरचे सुवर्ण सेर्गेई किर्द्याप्किनकडून काढून ऑस्ट्रेलियाच्या जॅरेड टॅलंटला देण्यात आले. मूळ विजेत्याचे राष्ट्रगीत चार वर्षे आधीच वाजून गेलेले असते, ही अशा न्यायातली हानी भरून निघत नाही.

पन्नास किलोमीटरची शर्यत टोकियो ऑलिंपिकमध्ये, प्रत्यक्षात साप्पोरोच्या रस्त्यांवर, शेवटची झाली. पॅरिसला २०२४ मध्ये तिच्या जागी स्त्री-पुरुष जोडीने मॅरेथॉनचे अंतर आळीपाळीने चालण्याची रिले आली आणि ती स्पेनच्या आल्वारो मार्तिन व मारिया पेरेस यांनी जिंकली. जपानच्या तोशिकाझू यामानिशीने फेब्रुवारी २०२५ मध्ये कोबे येथे २० किलोमीटर १ तास १६ मिनिटे १० सेकंदांत चालून जागतिक विक्रम केला. त्यानंतर जागतिक संघटनेने २०२६ पासून प्रमाण अंतरे अर्धमॅरेथॉन आणि मॅरेथॉनची ठरवली.

भारत

भारताने या खेळात आशियात पहिल्याच पावलाला बाजी मारली. नवी दिल्लीच्या १९५१ च्या पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धेत महावीर प्रसाद यांनी १० किलोमीटर आणि बख्तावर सिंग यांनी ५० किलोमीटर चालण्यात सुवर्णपदक मिळवले. तेव्हा मराठवाडा अजून हैदराबाद राज्याचा भाग होता. बँकॉकला १९७८ मध्ये हाकम सिंग आणि १९८२ मध्ये दिल्लीत चांद राम यांनी २० किलोमीटरची सुवर्णे लागोपाठ आणली. पुढे प्रदीर्घ काळ ओसाड गेला.

दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत हरमिंदर सिंग यांना कांस्य मिळाले. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातील आणि लष्करात असलेल्या के. टी. इरफान यांनी २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये १ तास २० मिनिटे २१ सेकंद वेळ देऊन दहावा क्रमांक पटकावला. पदक नसल्याने या कामगिरीची वृत्तपत्रांनी पुरेशी दखल घेतली नाही, पण भारतीय चालण्याच्या इतिहासातले वळण तेच होय. खुशबीर कौर यांनी २०१४ मध्ये इंचॉनच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवले. या प्रकारात तेथे पदक घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. गुरमीत सिंग यांनी २०१६ मध्ये जपानमधील नोमी येथे आशियाई अजिंक्यपद जिंकले. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत प्रियांका गोस्वामी यांना १०,००० मीटरमध्ये रौप्य आणि संदीप कुमार यांना कांस्य मिळाले, तर पुढच्या वर्षी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत राम बाबू व मंजू राणी यांनी ३५ किलोमीटरच्या मिश्र सांघिक शर्यतीत कांस्य घेतले. अक्षदीप सिंग यांनी २०२३ मध्ये रांची येथे १ तास १९ मिनिटे ५५ सेकंद वेळ देऊन २० किलोमीटरमध्ये ऐंशी मिनिटांची भिंत ओलांडली. यांतील बहुतेक खेळाडू लष्कर, रेल्वे किंवा पोलीस दलांच्या आधाराने घडले. बुटांचा, आहाराचा आणि सरावाच्या वेळेचा खर्च पाहता हे स्वाभाविक आहे.

मराठवाड्यातील स्थिती

लांब पल्ल्याच्या धावण्यात मराठवाड्याने देशाला नाव मिळवून दिले आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांनी बर्मिंगहॅमच्या त्याच राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे (अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीचे) रौप्य जिंकले, आणि परभणीच्या ज्योती गवते यांनी २०१७ च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिला क्रमांक मिळवला. चालण्यात मात्र या भागाची ओळख अजून शालेय आणि विद्यापीठीय मैदानांपुरतीच आहे.

शालेय मैदानी स्पर्धांत मुलींना ३ आणि मुलांना ५ किलोमीटर चालावे लागते. चारशे मीटरच्या ट्रॅकवर या साडेसात आणि साडेबारा फेऱ्या होतात. दोनशे मीटरचे मैदान असेल तर पंधरा आणि पंचवीस. पावसाळा संपता संपता जिल्ह्याच्या ठिकाणी भरणाऱ्या स्पर्धेत ही शर्यत सकाळी लवकर सुरू होते. मुरमाच्या मैदानावर फक्कीने आखलेल्या रेषा पहिल्या पाच फेऱ्यांतच पायाखाली पुसट होतात. कॅनव्हासचे बूट घातलेल्या मुलींत एखादी अनवाणीही असते. पहिल्या दोन फेऱ्यांत सगळ्या जणी नीट चालतात, मग एक पुढे निघते, तिच्यामागचीचा गुडघा हळूच मऊ पडतो, आणि वळणावर उभ्या असलेल्या क्रीडाशिक्षकाची हाक येते, “टाच टेकव, गुडघा सरळ!” शेवटच्या फेरीची शिट्टी वाजली की मोह सर्वांत मोठा असतो. जिचा सराव तंत्राने झालेला असतो तिची चाल तेवढ्यातही मोडत नाही, आणि ओळखणारा प्रेक्षक वेळेपेक्षा हेच पाहतो.

या पातळीवर सर्वांत मोठी उणीव पंचांची आहे. संपर्क आणि गुडघा एकाच नजरेत टिपणे हे शिकून येणारे कौशल्य आहे. ते शिकलेली माणसे थोडी असल्यामुळे अनेकदा दोष असूनही मुलगी विभागापर्यंत पोहोचते, तेथे पहिल्यांदाच लाल कार्ड पाहते आणि खेळ सोडून देते. छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलात आणि तेथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात सरावाच्या सोयी आहेत, पण किनवट किंवा भूमच्या मुलीला त्या सहजासहजी मिळत नाहीत. तिच्या हाताशी असतो तो गावाबाहेरचा डांबरी रस्ता. पहाटे रहदारी नसताना किलोमीटरच्या दोन दगडांमध्ये जाऊन येऊन केलेला सराव आंतरराष्ट्रीय शर्यतीच्या मांडणीशी ट्रॅकपेक्षाही अधिक जुळतो, कारण तेथेही एक-दोन किलोमीटरच्या सपाट पट्ट्यावर फेऱ्याच माराव्या लागतात.