कान फोडणारा आणि कानात ठाण मांडणारा

"लेकराला सगळ्या सुया वेळेवर दिल्या, मग कान कसा काय वाहायला लागला?" मराठवाड्यात लसीकरणाच्या दिवशी आशाताईंपुढे येणारा हा प्रश्न रास्त आहे. कार्डावर न्यूमोकोकसची लस असते, पाच रोगांवरच्या पेंटाव्हॅलंट लसीत हिमोफिलसवरचीही असते, आणि मधल्या कानात पू करणाऱ्या जंतूंत हीच दोन नावं सगळ्यांत वर आहेत.

दोघांचा मुक्काम एकाच जागी, नाकामागच्या पोकळीत. धडधाकट लेकरांच्या नाकातही ते असतात आणि एरवी काही करत नाहीत. सर्दीने तिथलं अस्तर सुजलं, की कानाकडे जाणारी नळी तुंबते. लहानपणी ही नळी आखूड आणि आडवी असते, त्यामुळे जंतूंना वर सरकणं सोपं जातं. आधी नाक, मग दोन-चार दिवसांनी कान, असा क्रम त्यामुळेच दिसतो. आंघोळीच्या पाण्यावर उगाच आळ येतो; पडदा शाबूत असेल तर ते पाणी मधल्या कानात पोचतच नाही.

न्यूमोकोकसभोवती साखरेच्या रेणूंचं जाड कवच असतं. त्यामुळे पांढऱ्या पेशींना तो सहजी गिळता येत नाही. शिवाय तो पेशींना भोकं पाडणारं विष सोडतो. त्यामुळे दुखणं बहुधा जोरात येतं: सणकून ताप, रात्रभर ठणका, लालबुंद होऊन बाहेर फुगलेला पडदा. तो फाटला की उशीवर पू दिसतो आणि लेकरू एकदम शांत झोपतं, कारण आतला दाब उतरलेला असतो. घरच्यांना वाटतं, दुखणं गेलं. ते गेलेलं नसतं.

कानातला हिमोफिलस बहुतेक वेळा बिनकवचाचा असतो आणि सगळी गोम इथेच आहे. पेंटाव्हॅलंट लस 'बी' प्रकाराच्या कवचाविरुद्ध बनवलेली आहे. तो प्रकार मेंदूज्वर करतो आणि लस त्याला चांगलं रोखते. पण ज्याला कवचच नाही, त्याला ती ओळखणार कशी? हा बिनकवचाचा जंतू अस्तराला चिकटतो आणि रांजणाच्या आत धरणाऱ्या बुळबुळीत थरासारखा थर करून त्यात दडून बसतो. औषधाने वरवरचे मरतात, आतले तगतात. म्हणून तोच कान पुन्हापुन्हा दुखतो, कधी दोन्ही कान धरतात, किंवा दुखणं थांबूनही पडद्यामागे चिकट पाणी साचून राहतं. असं लेकरू हाक मारली तर वळत नाही आणि घरात त्याला 'हट्टी' म्हणतात. कानाबरोबर डोळ्यांनाही चिपडं येत असतील तर संशय आधी याच्यावर घ्यावा. पण नुसत्या लक्षणांवरून जंतू खात्रीने सांगता येत नाही.

औषधाला दाद न देण्याच्या तऱ्हाही वेगळ्या. हिमोफिलसच्या बऱ्याच जाती अ‍ॅमॉक्सिसिलिन तोडणारं विकर बनवतात, म्हणून डॉक्टर जोडीला क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिड देतात. न्यूमोकोकस औषध तोडत नाही. औषध जिथे चिकटतं ती जागाच तो बदलतो. तिथे क्लॅव्हुलॅनिक अ‍ॅसिडचा उपयोग नाही, मात्रा वाढवावी लागते. मेडिकलवरून मागच्या वेळची बाटली आणून पाजणं मला म्हणूनच पटत नाही.

पीसीव्ही, म्हणजे न्यूमोकोकसची लस, २०२१ पासून देशभर मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना. न्यूमोकोकसचे शंभरावर प्रकार आहेत, लसीत त्यातले निवडक घातक तेवढे. तरीही तिन्ही डोस घ्यावेतच, कारण न्यूमोनिया आणि मेंदूज्वरासाठी ते मोलाचे आहेत. बीडकडून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांत नवव्या महिन्याचा डोस हुकायची भीती असते. त्यात कोपीत (तोडकऱ्यांच्या झोपडीत) चुलीचा धूर, आणि धुराने नाकाकानाचं अस्तर आणखी बिघडतं. कार्ड सोबत असेल तर कारखान्याजवळच्या सरकारी केंद्रातही तो डोस घेता येतो.

वाहत्या कानात लसणाचं गरम तेल घालू नये, मग जंतू कुठलाही असो. कानामागे सूज येऊन कान पुढे ढकललेला दिसला, तर त्याच दिवशी जिल्हा रुग्णालय किंवा घाटी (छत्रपती संभाजीनगरचं सरकारी रुग्णालय) गाठावी.